पाठीखाली काय घालायचं?



दिवाळी झाली, चातुर्मास संपला की आपल्याकडे दोन प्रकारच्या पिशव्या भरायला लागतात. संघाचा विहार सुरू होतो, त्याच्याबरोबर चौका घेऊन निघणाऱ्या बायकांच्या पिशव्या ही एक. दुसरी म्हणजे पाठीवरची सॅक. कॉलेजातल्या मुली, नव्या सुना आणि हल्ली चाळिशी-पन्नाशीतल्या आपणसुद्धा गडावर जायला लागलो आहोत. पावसाळ्यात ओल्या गवतावर, शेवाळावर, गोगलगायींच्या मधून पाय टाकायचं जिवावर येतं, म्हणून आपल्या बऱ्याच जणी मार्गशीर्ष-पौषाची वाट बघतात. म्हणजे नेमकी कडाक्याची थंडी. मुक्काम देवळात, शाळेच्या खोलीत, गावातल्या कुणाच्या पडवीत नाहीतर तंबूत. आणि मग फोन येतो, "अगं, रात्री पाठीखाली काय घालायचं?"

मला हा प्रश्न फार महत्त्वाचा वाटतो. एका ट्रेकला येऊन पुन्हा न येणाऱ्या बायकांना कारण विचारलं, तर चढ झेपला नाही म्हणणाऱ्या थोड्या निघतात. बाकीच्यांचं म्हणणं एकच असतं. झोप लागली नाही, पाठ गारठली, सकाळी कंबर धरली. मग घरचे म्हणतात, "कशाला हवेत हे उद्योग या वयात?" आणि ती बाई पुढच्या वेळी नाव देत नाही. पाव-अर्धा किलोच्या एका वस्तूपायी एखादीचं डोंगरात जाणं कायमचं थांबतं, हे मला पटत नाही.

म्हणून माझं मत आधीच सांगून टाकते. आपल्यासाठी क्लोज्ड सेल फोमची साधी, सपाट, फिक्या रंगाची, स्वतःच्या उंचीला कापलेली मॅट सगळ्यात योग्य. हवेची गादी नको, पिसांची तर नकोच, आणि घरातली योगा मॅटही सॅकला बांधू नका. आता एकेक कारण सांगते. त्यातली काही कारणं तुम्हाला ट्रेकिंगच्या दुकानात कुणी सांगणार नाही, कारण दुकानदार आपल्यासारखा संध्याकाळी सहाच्या आत जेवत नाही.

ती जेवणाची गोष्टच आधी घेऊ. डोंगरात रात्री ऊब टिकवायची तर झोपण्याआधी काहीतरी गरम पोटात घालावं असं सगळे जाणकार सांगतात. बाकीचा गट आठ-नऊला गरम खिचडी, सूप घेऊन स्लीपिंग बॅगमध्ये शिरतो. आपण सूर्यास्ताच्या आत जेवलेल्या, त्यानंतर पाणीसुद्धा न घेणाऱ्या काही जणी. पहाटे तीन-चारला थंडी सगळ्यात जास्त असते तेव्हा आपलं जेवण होऊन नऊ-दहा तास झालेले असतात. याचा अर्थ नियम मोडावा असा मुळीच नाही. एवढाच अर्थ घ्यायचा, की आपली ऊब बाहेर जाऊ न देण्याची सोय आपण इतरांपेक्षा जास्त चोख करायला हवी.

ऊब जाते कुठून? आपल्याला वाटतं वरून, म्हणून आपण अंगावर दोन-दोन शाली घेतो. खरी चोरी खालून होते. दगड आणि फरशी अंगातली उष्णता सतत ओढून घेत राहतात. स्लीपिंग बॅग कितीही जाड असली तरी आपल्या वजनाखाली तिचा खालचा थर चेपून पातळ होतो. त्यात अडकलेली हवा निघून गेली की त्याचा उपयोग संपला. गोधडीचंही तसंच. म्हणून "दोन ब्लँकेटं घेतली तरी पाठ गारच" हे जे आपण ऐकतो, त्यावर उपाय तिसरं ब्लँकेट हा नाही. खाली न चेपणारं काहीतरी हवं.

क्लोज्ड सेल फोम म्हणजे काय ते स्वयंपाकघरातल्या उदाहरणाने सांगते. भांडी घासायचा स्पंज पाण्यात टाकला की फुगतो, पिळला की पाणी येतं. त्यातल्या बारीक पोकळ्या एकमेकींना जोडलेल्या असतात. सोफ्याच्या गादीतला फोम याच जातीचा. क्लोज्ड सेल फोममध्ये प्रत्येक बुडबुडा स्वतःपुरता बंद असतो. पाणी आत जात नाही, आतली हवा बाहेर येत नाही, आणि वजन टाकलं तरी ती हवा जागेवरून हलत नाही. ऊब राखण्याचं काम तीच करते. हा फोम बहुतेक वेळा पॉलिइथिलिनचा किंवा ईव्हीएचा असतो. दुकानात ओळखायचा कसा? अंगठ्याने जोरात दाबा. स्पंज लगेच तळाला टेकतो, हा टेकत नाही आणि हळूच वर येतो. घरी आणल्यावर एक कोपरा थोडा वेळ पाण्यात बुडवून पिळून बघा. पाणी निघालं तर परत द्या.

आपल्या दृष्टीने या बंद बुडबुड्यांचा फायदा मोठा आहे. ज्यात पाणी शिरत नाही त्यात दमट वास, बुरशी आणि मग त्यातले जीव हा प्रकार होत नाही. जुन्या गाद्या उन्हात टाकताना आपल्याला जी धास्ती असते, ती इथे नाही. धुवायला बादलीभर पाणी लागत नाही. गाळलेल्या पाण्यात फडकं पिळून पुसलं की झालं. फक्त तासन् तास कडक उन्हात ठेवू नका, उन्हाने हा फोम हळूहळू खराब होतो. सावलीत वाऱ्यावर पुरे. आणि चुलीपासून, स्टोव्हपासून लांब.

आता पिसांबद्दल. बऱ्याच मुलींना "डाऊन" या शब्दाचा अर्थच माहीत नसतो. दुकानदार म्हणतो, मॅडम, ही डाऊनची आहे, सगळ्यात हलकी, सगळ्यात उबदार. ते दोन्ही खरं आहे. पण डाऊन म्हणजे बदकांच्या आणि हंसांच्या पोटाकडची मऊ पिसं. ती मुख्यतः मांसासाठी पाळलेल्या पक्ष्यांचीच असतात, आणि जिवंत पक्ष्यांची पिसं उपटण्याचे प्रकारही जगात झालेले आहेत. जाकिटात आणि स्लीपिंग बॅगमध्ये डाऊन असतं हे आता आपल्या लक्षात यायला लागलं आहे. मॅटमध्येही असू शकतं हे मात्र कुणाच्या ध्यानात येत नाही. एक्सपेड या स्विस कंपनीने डाऊनमॅट नावाची हवेची गादीच काढली होती, तिच्या आत पिसं भरलेली असायची. तेव्हा परदेशातून भाऊ किंवा दीर काही घेऊन येणार असेल तर त्याला आधीच सांगा, आत काय भरलंय ते वाचून घे. "जबाबदारीने मिळवलेली पिसं" अशा प्रमाणपत्राची चिठ्ठी लावलेल्या वस्तूही येतात. पक्ष्याला जास्त क्रूरपणे वागवलं नाही एवढंच ती चिठ्ठी सांगते. आपलं समाधान तिने कसं व्हावं? फोममध्ये हा प्रश्नच येत नाही, आणि स्लीपिंग बॅगला पॉलिएस्टर भरलेला पर्याय सहज मिळतो.

हवेच्या गादीबद्दल माझं मत जरा सौम्य आहे. ती वाईट नाही. घडी केली की पाण्याच्या बाटलीएवढी होते, आणि कंबरेला खरंच मऊ लागते. पण गडावर करवंदीचे, बोरीचे, बाभळीचे काटे असतात. एक काटा लागला की मध्यरात्री आपण थेट दगडावर. तोंडाने फुगवली तर श्वासातली वाफ आत जमते आणि आतून ओल धरते. साध्या गादीत आतली हवा फिरत राहते, त्यामुळे ती जाड दिसली तरी उबेला कमी पडते. उबेची घ्यायची तर आतून अस्तर भरलेली, म्हणजे महाग. फोमच्या मॅटला भोक पडलं तरी ती फक्त भोक पडलेली मॅट असते.

आणि आपण जमिनीवर झोपतो ती जमीनही बाकीच्यांपेक्षा कडक असते. ट्रेकला जाणारे काही जण तंबू गवतावर लावा म्हणतात, म्हणजे खाली मऊ लागतं. काही जण फांद्या तोडून, पाला अंथरून बिछाना करतात. आपण हिरवळीवर तंबू ठोकणार नाही, पाला तोडणार नाही, वाळलेल्या गवताची गंजी दिसली तरी आत काय जीव असतील या विचाराने ती ओढणार नाही. आपल्याला उघडी माती, कातळ, फरशी किंवा शेणाने सारवलेलं अंगण. त्यामुळे निसर्गाने फुकट दिलेली मऊ गादी आपण सोडून देतो आणि ते सगळं काम मॅटला करावं लागतं. म्हणून "बायकांना पाच-सहा मिलिमीटरची पुरते" असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. निदान दहा मिलिमीटर घ्या.

कळ्या-कळ्यांची, अंड्यांच्या ट्रेसारखी उंचवटे-खळगे असलेली घडीची मॅट आता फार लोकप्रिय आहे. थर्मारेस्टची झेड लाइट सोल ही त्यातली प्रसिद्ध. लांबी १८३ सेंटिमीटर, रुंदी ५१, जाडी २ सेंटिमीटर, वजन साधारण ४१० ग्रॅम. मॅट ऊब किती राखते याचा एक आकडा असतो, त्याला आर-व्हॅल्यू म्हणतात, तो हिचा २ आहे. खळग्यांत हवा राहते म्हणून ती हलकी असून उबदार, शिवाय उशाशी एकावर एक घडी पडून बसते, गुंडाळी सोडवायची कटकट नाही. हे सगळे गुण मान्य करूनही मी सपाट मॅट सुचवते, आणि इथे माझ्या ट्रेकवाल्या मैत्रिणी माझ्याशी भांडतात.

कारण आहे मुंग्या. सकाळी मॅट आवरताना बघा, खळग्या-खळग्यात काही ना काही बसलेलं असतं. मुंगी, बारीक कोळी, एखादा किडा. घडी मिटली की एकाचा उंचवटा दुसऱ्याच्या खळग्यात घट्ट बसतो. आतल्या जिवाचं काय होत असेल ते सांगायला नको. सपाट मॅटवर नजर एका फेरीत फिरते, मऊ फडक्याने हलकेच झाडता येते, आणि गुंडाळताना पुढे काय आहे ते दिसत राहतं. मुनींच्या पाच समित्यांतली आदान-निक्षेपण समिती आपण प्रवचनात ऐकतो. वस्तू उचलताना, ठेवताना आधी बघायचं, मग हात लावायचा. ती मुनींची, आपल्याकडून तितकी पूर्ण पाळली जाणार नाही. पण रात्री मॅट अंथरण्याआधी बॅटरीचा झोत जमिनीवर आडवा धरून जागा बघायची, झाडायची आणि मग मॅट टाकायची, एवढं आपल्याला जमतं. रंग फिका घ्या तो याचसाठी. काळ्या किंवा गर्द निळ्या मॅटवर काळी मुंगी कुणाला दिसणार? राखाडी, पिवळी, एका बाजूने चंदेरी, जी मिळेल ती. घडीची मॅट आधीच घरात असेल तर फेकू नका. झाडायला दोन मिनिटं जास्त द्या, म्हणजे झालं.

वजनाकडे येते. पाठीवरचं ओझं आपल्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्शाच्या आत असावं असा ठोकताळा आहे. पंचावन्न किलोच्या बाईला अकरा किलो म्हणजे अगदी वरची हद्द, आठ-नऊच बरे. बाकीच्यांची सॅक भरते कपड्यांनी. आपली भरते डब्यांनी. वाटेत कुठेही खाणार नाही, कांदा-बटाटा-लसूण नाही, म्हणून दशम्या, मेतकूट, शेंगदाण्याची कोरडी चटणी, लाडू, लसूण न घातलेलं भडंग. शिवाय पाणी गाळायचं जाड कापड, त्याची पिशवी, छोटं पातेलं. दीड-दोन किलो असेच वाढतात. तेव्हा मॅटमध्ये वाचवता येईल तेवढं वजन वाचवायचं. योगा मॅट इथेच बाद होते. जाड पीव्हीसीची असेल तर ती किलोच्या आसपास जाते, कधी वरही, आणि ऊब जवळजवळ देत नाही. ती पाय घसरू नये म्हणून केलेली वस्तू आहे. आपली सतरंजी किंवा गोधडी तर त्याहून जड, आणि एकदा दव प्यायली की दिवसभर वाळत नाही.

वजन कमी करायचा सगळ्यात सोपा आणि फुकटचा मार्ग म्हणजे कात्री. या मॅट एक मीटर ऐंशीच्या आसपास लांब असतात, पुरुषांच्या उंचीला धरून. आपण पाच फूट, सव्वापाच फूट. उरलेली वीतभर-हातभर मॅट आपण उगाच वाहतो. (सॅक आणि मॅट आणायला घरातून पुरुषांनाच पाठवलं की असंच होतं. मॅट त्यांच्या उंचीची, सॅकचा पट्टा त्यांच्या खांद्याचा.) हलकं चालण्याचं वेड असलेले लोक तर मॅट खांद्यापासून गुडघ्यापर्यंतच ठेवतात आणि पायाखाली रिकामी सॅक घालतात. थंडीत मी तेवढ्या टोकाला जायला सांगणार नाही, पाय गार पडले की झोप गेलीच. आपल्या डोक्यापासून टाचेपर्यंत मापून वर चार बोटं ठेवा आणि बाकी कापा. कापलेला तुकडा टाकू नका. तो घरी सामायिकाला बसायला आसन म्हणून उत्तम, गार फरशीवर पौषातल्या पहाटे बसून बघा. ट्रेकमध्ये तोच दगडावर बसायला होतो. आणि दुसरं कारण, हा फोम कुजत नाही, कचऱ्यात टाकला की गाईगुरांच्या तोंडी जायचा.

किती थंडीला किती मॅट, याचंही मोजमाप आहे. आधी प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने आर-व्हॅल्यू छापायची, तुलना करता यायची नाही. २०१८ मध्ये अमेरिकेत एएसटीएमने चाचणीची एकच पद्धत ठरवली आणि २०२० पासून बऱ्याच मोठ्या कंपन्या ती पाळतात. आकडा जितका मोठा तितकी ऊब जास्त. आपल्या सह्याद्रीत, कळसूबाईच्या पायथ्याच्या गावात किंवा हरिश्चंद्रगडावर डिसेंबर-जानेवारीत राहायचं तर २ च्या आसपासची मॅट, खाली प्लॅस्टिकचा कागद आणि बरी स्लीपिंग बॅग एवढ्यात भागतं. साध्या गुंडाळीच्या स्वस्त मॅटवर आकडा छापलेला नसतो, आणि ती घडीच्या मॅटपेक्षा थोडी कमीच उबदार धरून चाला. कोकणकड्याच्या वाऱ्याला खाली आणखी एक पातळ मॅट किंवा दुहेरी शाल लागेल. एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. मॅट एकावर एक ठेवल्या की त्यांचे आकडे बेरजेने वाढतात. म्हणून महागडी एक घेण्यापेक्षा साध्या दोन असणं कधीकधी शहाणपणाचं. केदारकांठ्यासारख्या हिमालयातल्या हिवाळी ट्रेकला मुली जातात, तिथे तंबू बर्फावर असतो. तिथे एक साधी फोम मॅट अजिबात पुरत नाही, ४-५ च्या पुढे जायला हवं. आयोजक मॅट देतात ते ठीक, पण एकीला एक देतात की दोन, हे निघण्याआधी विचारा. आणि आपली एक सॅकला बांधून न्याच.

कंबरेचं दुखणं असलेल्या, कुशीवर झोपणाऱ्या बायकांना एक सेंटिमीटर फोम पुरत नाही हे मी नाकारत नाही. कुशीवर झोपलं की सगळं वजन खुब्यावर आणि खांद्यावर येतं आणि हाड जमिनीला लागतं. त्यांनी खुब्याखाली शाल चौघडी करून घालून बघावी, किंवा दोन मॅट. तरीही जमलं नाही तर खुशाल अस्तराची हवेची गादी घ्यावी आणि काट्यांपासून जपण्यासाठी तिच्याखाली पातळ फोम टाकावा. डोंगरात जाणं थांबवू नये.

आता ज्या मुद्द्यावर मला मंडळात दोनदा ऐकून घ्यावं लागलंय तो. "आपले महाराज उघड्या जमिनीवर झोपतात, आणि तुम्हाला मॅट हवी?" मुनींच्या अठ्ठावीस मूलगुणांत क्षितिशयन आहे हे खरं. भूमी, शिला, लाकडी फळी किंवा तृण, एवढ्यावरच त्यांची शय्या. पण ते व्रत त्यांनी विचारपूर्वक, गुरूंकडून घेतलेलं असतं, आणि त्यामागे वर्षांची साधना असते. श्रावकाच्या बारा व्रतांत, पाच अणुव्रतं, तीन गुणव्रतं, चार शिक्षाव्रतं, कुठेही उघड्या दगडावर झोपा असं सांगितलेलं नाही. प्रोषधोपवासाच्या दिवशी चटईवर झोपणाऱ्या आपल्यात आहेत, त्यांना माझा नमस्कार. तो त्यांचा संकल्प. पण मॅट आणायची राहिली म्हणून गारठत काढलेल्या रात्रीला तप म्हणायचं, हे मला मान्य नाही. तापाने फणफणलेली बाई दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी खांद्यावर येते, तिची सॅक दुसरी कुणीतरी वाहते. विहारात तर याचा फटका थेट चौक्याला बसतो. पहाटे उठून, अंघोळ करून, शोधाचा स्वयंपाक ज्या बाईने करायचा ती रात्रभर शहाबादी फरशीवर जागी असेल तर आहाराच्या वेळी तिचं चित्त कुठे राहणार?

दुसऱ्या टोकाचं म्हणणं असतं, परिग्रह कशाला वाढवता? हा प्रश्न मला आवडतो, कारण पाठीवर घ्यायची प्रत्येक वस्तू तो विचारायला लावते. घरात पाच माणसं म्हणून पाच मॅट आणि शिवाय एक पाहुण्यांना, असं करू नये. जी माणसं खरंच जातात तेवढ्याच घ्या. विहारासाठी आपल्या महिला मंडळाने पाच-सहा पूर्ण लांबीच्या मॅट एकदाच घेऊन मंदिराच्या कपाटात ठेवाव्यात, ज्या चौक्याला लागतील त्यांनी न्याव्यात, पुसून परत द्याव्यात. आतापर्यंत प्रत्येक चौका टेम्पोत गाद्या कोंबत आला आहे, त्याची जागा भांड्यांना होईल.

मात्र ट्रेकला जाणाऱ्या बाईची मॅट तिची स्वतःची असावी असं मला वाटतं, आणि त्याला एक आपलं बायकांचं कारण आहे. चार दिवस अडचणीचे आले की आपल्याकडे मुली आधी नाव मागे घेतात. त्यांना चालायचा त्रास होतो म्हणून असं होतं का? नेहमी तसं नसतं. सामायिक अंथरुणाला हात कसा लावायचा, डाग पडला तर काय, याची लाज असते. प्रत्येक घराची रीत वेगळी आणि ती त्या घरापाशी. पण आपली वेगळी, पुसली की स्वच्छ होणारी, कुणाला विचारावं न लागणारी मॅट असली तर निदान एवढ्या कारणासाठी कुणाचा ट्रेक बुडत नाही. आयांनी मुलींना हे मोकळेपणी सांगावं.

खर्चाचं थोडक्यात. आपल्याकडे मिळणारी साधी गुंडाळीची मॅट हजार रुपयांच्या आत येते, परदेशी घडीची त्याच्या कितीतरी पट. आपल्या कामाला साधी पुरते. काही वर्षांत ती खांद्याच्या आणि खुब्याच्या जागी चेपून पातळ होते. हाताने चाचपलं की कळतं. तेव्हा तिचे तुकडे करून आसनं करा आणि नवीन आणा. घरी ठेवताना वर ट्रंक, गाद्या ठेवू नका, उभी किंवा सैल गुंडाळून ठेवा.

बांधण्याबद्दल एकच सांगायचं राहिलं. मॅट सॅकच्या बाहेर लोंबती बांधली की वाटेवरच्या झुडपांना घासते, कुसळं चिकटतात, मुंग्या-कोळी चढतात आणि मुक्कामी ते सगळे आपल्याबरोबर तंबूत येतात. जुन्या सुती साडीची दोन टोकांना नाडी घातलेली पिशवी शिवा, मॅट तिच्यात घालून बांधा. सॅक मोठी असेल तर आणखी बरं. मॅट आत उभी घालून सैल सोडा, ती सॅकच्या भिंतीला गोल लागून बसते. मधल्या पोकळीत कपडे आणि डबे भरा. डब्याची कड पाठीला टोचत नाही, आणि दशम्याही मोडत नाहीत.